आधीची

पाटी लावून अकरा दिवस झाले: भाकरीला बाई पाहिजे.
सोलापूरचा मे. साखर पेठेतून दोघी आल्या,
चुलीची धग बघून, चहा पिऊन गेल्या.

आज नरसम्मा गड्डम. विडी कारखाना सुटलेला.
विचारलं, तासाला किती भाकऱ्या होतील?
म्हणाली, दिवसाला हजार विड्या वळत होते,
मोजणारा दुसराच असायचा. तुम्ही मोजा.

पगार सांगितला. सुट्टी सांगितली.
उचल मिळणार नाही, हे जरा मोठ्यानं.
तिनं परातीतलं पीठ चिमटीत चोळलं,
विरी गेलीय ह्याची, म्हणाली,
आणि पदराला बोटं पुसता पुसता
खिळ्याला अडकवलेल्या
दोन हिरव्या बांगड्यांकडे बघत राहिली.

आधीची का गेली?

गल्ल्यातली चिल्लर
मी पुन्हा मोजायला घेतली.