रनवे किती महिन्यांचा

"रनवे किती महिन्यांचा?" त्यांनी विचारलं
आणि मी खिडकीकडे पाहिलं.
पुलापलीकडे मुहर्रकवर विमान उतरत होतं,
बगळा पाय सोडतो तशी चाकं सोडून.
मुनीराने टेबलाखाली माझ्या बुटावर बूट ठेवला.
पैसे किती दिवस पुरतील, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

ते मी सांगितलं असतं.
पैसे पुरवायची विद्या
मी एकवीस वर्षं करतोय या बेटावर.

पेटी टेबलावर होती. पत्र्याची,
भिंतींच्या पोटात रात्रभर गोठवलेलं मीठपाणी.
बॅटरी नाही, वरून बर्फ नाही.
ऑगस्टात, स्क्रूड्रायव्हरसुद्धा हाताला चटका देतो तेव्हा,
लहान होडीत हामूर तीस तास राहतो.
लोकांचे एसी दुरुस्त करताना सुचलं.
थंडावा कुठून गळतो
हे शोधण्यातच माझी उमर गेली.

सातव्या स्लाइडवर माझा फोटो.
खाली: निसार परकार, टेक्निकल.

पहिलं भांडवल भिशीचं.
बारा जण, महिना पन्नास दिनार.
वेल्डर खांडेकर, शाळेच्या बसवरचा इस्माईल,
वसईची नर्स जसिंता तुस्कानो.
माझा नंबर अकरावा होता.
जसिंताने तिचा दुसरा मला दिला,
घरच्या छपराचं काम पुढच्या सालावर ढकलून.
विचारलं एवढंच, "मासा खरंच टिकतो का रे?"
कंपनीची किंमत कुणी काढली नाही.
वहीत सही,
सहीवर रश्श्याचा डाग.

आमच्या भाषेत पैसे बुडतात.
धंदा बुडतो, मग माणूस बुडीत खात्यात.
मुनीराच्या आजोबांच्या वेळी
इथे बुडणं हाच धंदा होता.
पायाला दगड, नाकाला चिमटा,
आणि वर होडीत एक जण दोर धरून.
खालून हिसका आला की ओढायचं.
आजोबा दोर धरणारे.
मोसमाआधी घेतलेली उचल
मोत्यांतून कधी फिटायची नाही,
बाप गेला की मुलाच्या नावावर चढायची.
"मोती व्यापाऱ्याचे, उचल आमची,"
ती एकदा गाडी चालवताना म्हणाली होती,
आणि सिग्नल हिरवा झाला तरी
निघालीच नव्हती.

करड्या कोटातल्याने पान उलटलं.
"सगळं ज्ञान या एका माणसाच्या डोक्यात आहे.
हा गेला तर?"
हा म्हणजे मी.
कागदावर आता मी रिस्क.
आजवर मॅनपॉवर होतो,
म्हणजे बढतीच म्हणायची.
त्यांच्या हिशोबात रनवे अठरा महिन्यांचा,
माझ्या व्हिसाचे उरलेत अकरा.

कुणी बोलेना.
वर एसीचा पंखा तेवढा बोलत होता,
बेअरिंग जात आलंय त्याचं,
सांगावं की राहू द्यावं, मला कळेना.

"याच्या नावावर हिस्सा लिहा," मुनीरा म्हणाली.
"नियम पाहावे लागतील."
"पाहा."
मग तिने पाण्याची बाटली उघडायला घेतली.
झाकणावरून बोटं दोनदा घसरली.

उत्तर गुरुवारी.

खाली पार्किंगमध्ये पेटी उघडली.
काल पहाटेचा हामूर,
डोळा फुगीर, कल्ले लाल.
सिल्हेटचा पहारेकरी वाकला, वास घेतला,
बोटाने दाबून पाहिलं.
"किलोला किती?"
मुनीरा म्हणाली, देऊन टाक.
मी म्हणालो, नाही. दोन दिनार.
त्याने दीड दिले. घासाघीस केली,
म्हणजे मासा त्याला पटला होता.

वहीत लिहिलं: जमा, दीड.
जसिंताला फोन लावला.
ड्यूटीवर असणार,
उचलला नाही.