दरमहा चार पेले

कुमुदआत्याचं मृत्युपत्र
फोर्टात, बाजारगेटच्या एका माडीवर टाइप झालं.
साक्षीला खालचा केमिस्ट आणि वाचनालयातले सामंत.
मला बाहेर बाकावर बसवलं.
ज्याला मिळायचं असतं त्याने सही करायची नसते,
एवढा कायदा मलाही ठाऊक होता.
बाकावर बसल्या बसल्या मी मनातल्या मनात
तिच्या खोलीच्या लाद्या बदलल्या.

चौतीस वर्षं ती टेलिफोन एक्स्चेंजात होती.
कुणाला सांगली हवी, कुणाला कोचीन,
"होल्ड करा, जोडून देते."
जोडून दिलं की ऐकत बसायची नाही.
दोन माणसं बोलायला लागली
की मधल्याने उठावं, म्हणायची.

मृत्युपत्र उघडलं. त्यात मी होतो.
आठव्या कलमात, व्यवस्थापक म्हणून.

गिरगावातली ओनरशिपची खोली विकावी.
पैसे बँकेत ठेवावेत, मुद्दलाला हात लावू नये.
व्याजातून परळला, हॉस्पिटलसमोरच्या गल्लीत,
जिथे पेशंटचे नातेवाईक फुटपाथवर निजतात तिथे,
रात्री नऊ ते सकाळी सहा
गरम पाण्याचा नळ चालू राहावा.
पाणी कढत असावं. कोमट नको.
('नको'खाली पेनाने ओढलेली रेघ, तिचीच.)
पाटी लावू नये. फोटो तर नाहीच.
पेला साखळीने बांधू नये.
पेले चोरीला जातील, त्यासाठी वेगळी तरतूद:
दरमहा चार.

बाई मरणानंतरच्या चोरीचंसुद्धा
बजेट करून गेली!

एकाहत्तर साली याच फुटपाथवर
तिने धाकट्या भावासाठी सोळा रात्री काढल्या होत्या.
हे मला सामंतांनी सांगितलं.
बाबांनी कधीच नाही.
सोळा रात्रींत ते एकदाही
तिकडे फिरकले नव्हते.

वॉर्ड ऑफिसात सात खेपा घातल्या,
प्लंबरशी दोनदा भांडलो, नळ सुरू केला.
पहिल्या महिन्यात अकरा पेले गेले.
दुसऱ्यात नऊ.
तिसऱ्यात मी कंसारा चाळीत जाऊन
पाणपोईची साखळी आणली. चार फुटी, कड्यासकट.
आत्या आता कुठे बघायला येणार होती?

रात्री दीड वाजता पोचलो, साखळी खिशात.
नळाशी एक माणूस. जिंतूरकडचा, नंतर कळलं.
पेला भरून घेतला, चटका बसला,
टोपी काढली, टोपीत पेला धरला,
आणि निघाला.
निजलेल्यांच्या पायांमधून, पिशव्या ओलांडत,
एकदा थांबून, एका पोराची चादर पायाने सारखी करून,
पलीकडे बंद शटरला टेकून बसलेल्या बाईपर्यंत.
मी पावलं मोजत होतो. एकोणचाळीस.
खिशातली साखळी चार फुटांची.

तो फुंकर घालत होता. ती घोट घेत होती,
एका घोटामागे बराच वेळ.
उरलेल्या पाण्यावर त्याने
एक्स-रेचा लिफाफा झाकण म्हणून ठेवला
आणि पेला तिच्या उशाशी सरकवला.

तो काही नळाकडे परत आला नाही.
याला चोरी म्हणायचं तर
कुठल्या रकान्यात लिहायचं?
मी थोडा वेळ उभा राहिलो.
मग मधल्याने उठावं तसा
निघालो.

दुसऱ्या दिवशी कंसारा चाळीतला म्हणाला,
विकलेली साखळी परत घेत नाही शेठ,
पेले पाहिजे तर बोला, डझनाने स्वस्त पडतील.

डझन घेतले.
चार आत्याच्या वहीत लिहिले.
आठ माझ्या.
साखळी अजून घरी आहे, जिन्याखाली,
बायको विचारते, ही कशाला आणली होती?