इकडे बघा

सक्करदऱ्याच्या बाजारामागे दोन गल्ल्या आत
माझा स्टुडिओ, वडिलांपासूनचा.
पडद्यावर रंगवलेलं तळं, दोन हंस.
एकाची मान पोपडा धरून गळाली,
तिथं बरोबर नवरदेवाचं डोकं येईल
असं मी स्टूल ठेवतो.
धंदा म्हणजे एवढंच, काय कुठे झाकायचं:
तिरळा डोळा, कानामागचं कोड,
आणि मेलेल्या माणसाच्या आधारकार्डावरून
त्याला कोट चढवणं, हार मावेल एवढी जागा सोडून.

एप्रिलचा मंगळवार, दुपारचे साडेतीन, डांबर मऊ झालेलं.
गोळीबार चौकातून कुंदाताई आल्या ओमनी भाड्यानं करून,
मुलगी ऋतिका, सासरे तुळशीराम,
आणि दोऱ्यांना बांधलेले तिघं.
हवालदार, अजनीच्या पार्सल ऑफिसमागे सापडलेला,
म्हणून पोत्यांवर अजून संशय घेतो.
बुंदी, नाग नदीच्या पुलाखालची, अंगभर डाग.
टिचकी, जिचा मागचा पाय
कळमन्यात संत्र्याच्या ट्रकखाली राहिला.

पावतीबुकात मी विचारलं, कोणाच्या नावानं?
‘निनावे.’
म्हटलं, कुत्र्यांचं नव्हे, तुमचं नाव.
‘तेच तर सांगून राह्यली. आमचं आडनाव निनावे.
आता यांचंही.’

सवयीनं मी टिचकीसमोर प्लास्टिकची फुलदाणी सरकवली.
‘ते काहून?’
म्हटलं, पाय दिसणार नाही.
‘नाई जी. पाय काय कोनी उधार नेला नाई,
गेलाच आहे. दिसू द्या.’
फुलदाणी उचलली. खाली गोल धुळीचा शिक्का,
किती वर्षांचा कोण जाणे.

पहिल्या फ्लॅशला बुंदी स्टुलाखाली.
दुसऱ्याला हवालदार उठला, शांतपणे चालत गेला
आणि तळ्याच्या काठावर तंगडी वर केली.
ऋतिका हसून हसून भिंतीला टेकली.
मी चिडलो. मग हंसांकडे पाहिलं.
मग पडदाच गुंडाळून वर बांधला.

मागे खिडकी आहे हे मला माहीत होतं,
जसं आपल्याला पणजोबा होते हे माहीत असतं.
बाबांनी उन्हाला वैतागून ती ठोकून टाकलेली.
सात खिळे. सातवा पक्कडीनंही हलेना,
कुंदाताईंनी ओमनीतला पाना आणून उपटला.

ऊन आत आलं ते धूळ घेऊन, भट्टीसारखं,
कूलरच्या वाळ्याच्या वासाला बाजूला सारत.
तिघं त्या चौकोनात जाऊन बसले,
कोणी बसवलं नाही.
टिचकी उरलेल्या पायावर कलती,
माझ्या काकाच्या पानठेल्यासारखी, विटेवर तोललेली.

इकडे बघा, मी म्हणालो.
एकतीस वर्षं मी हेच म्हणतोय
आणि माणसं बघतात, लगेच, घाबरून.
हे तिघं दाराकडे बघत राहिले.
दारात तुळशीराम.
चाळीस वर्षं मागावर बसून वाकलेली पाठ,
हातात चप्पल, तोंडात खर्रा.
आल्याआल्याच सांगून टाकलेलं,
‘मी काही कुत्र्यायसंगं फोटो काढत नाई.’
सदऱ्याच्या खिशात कागदाची पुडी,
तिला कालच्या पोळीचे तुकडे असावेत, नक्की सांगता येत नाही,
पण तीन नाकं तिकडेच वळलेली.
मी बटण दाबलं.

शुक्रवारी फोटो न्यायला म्हातारा एकटाच आला,
भर उन्हात, सायकल ढकलत.
चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
‘हे कोनाकडे पाहून राह्यले, बावा?’
मी म्हटलं, मला काय माहीत.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग पैसे वेगळे मोजून काउंटरवर ठेवले.
‘एक लहान काढून द्या. पाकिटात मावंल असा.
घरी सांगजा नका.’

पडदा अजून वरच बांधलेला आहे.
परवा एक नवरदेव विचारत होता,
तळं कुठे गेलं.
खिळे टेबलावर पडलेत, सात.
एकही सरळ नाही.