कळमना, खोली नंबर चार

दुपारी पंचेचाळीस होते. आता रात्रीचे साडेअकरा,
तरी बाहेरच्या पत्र्याला पाठ टेकवत नाही.
आत नऊ टन केळी, अजून हिरवी,
आणि जुना थर्मोस्टॅट, मंगळवारपासून
स्वतःच्याच मनानं चालणारा.
उरकुडे शेठ म्हणाले, पहाटेपर्यंत करून द्या,
माल शिजला तर तुमच्या अंगावर.

मी झाकण उघडलं. पट्ट्यांच्या मधोमध
एक वाळलेली पाल. एवढंच कारण.

दुधरामकाका उलट्या क्रेटवर बसले,
डावा हात मांडीवर, दुसऱ्याची वस्तू सांभाळावी तसा.
दिवाळीनंतर झटका आला, तेव्हापासून तो त्यांचा नाही.
चाळीस वर्षं याच हातानं खोल्या लावल्या.
दारातून आत घालायचे, म्हणायचे, सतरा.
पारा म्हणायचा, साडेसतरा,
मग डुलत डुलत सतरावर यायचा.
काका बिडी पेटवत म्हणायचे, उशीर केला त्यानं.

नवा कंट्रोलर माझ्या तळव्याएवढा.
लाल फेज एकवर, काळा न्यूट्रल दोनवर,
तीन-चार थंडीचा रिले, पाच-सहा गरमीचा.
मे महिन्यात हीटर कोण जोडतं, शेठचा पोरगा हसला.
जानेवारीत या, म्हटलं, आठ अंशात हसून दाखवा.

कॉम्प्रेसर थेट रिलेवर दिला नाही.
एवढासा जीव त्याचा, जळून जाईल.
मध्ये कॉन्टॅक्टर बसवला, भार उचलायला;
रिलेनं फक्त सांगायचं.
आयटीआयच्या अठ्ठावीस पोरांत मी एकटी होते,
सांगणारे वेगळे आणि उचलणारे वेगळे
हे मला पुस्तकाआधी कळलं.

सेट सतरा. फरक एक.
फरक शून्य ठेवा ना, पोरगा म्हणाला, नेमकं राहील.
"नेमकं नाई राह्यत बे, तडफडते," काका म्हणाले,
जीभ अजून जड,
"चालू-बंद, चालू-बंद. पहाटेलोक मरते."
माझ्या घरी फरक शून्यावर आहे.
मी बोलले नाही, स्क्रू आवळला.

सेन्सर दाराजवळ टांगायला गेले.
"तिथं नको, सुकेशनी."
"काहून?"
"तिथं हवा राह्यते. दार उघडलं का पलटली.
घडाइच्या मधात खुपस.
ज्याले तरास होते त्याले विचार."

त्याआधी तो तपासायचा असतो, मुठीत धरून.
माझे दोन्ही हात वायरींत.
काकांनी उजव्या हातानं तो काळा मणी उचलला,
डाव्यात ठेवला,
आणि बोटं मिटवली, एकेक करून,
जशी लहान पोराची मिटवतात, हातात नाणं देऊन.

बावीसवरून लाल आकडे चढू लागले.
सव्वीस. तीस. बत्तीस.
"मले नाई समजत," ते म्हणाले,
"गरम हाये का थंडं. हातात काही हाये का नाई, थेही नाई."
आकडे तेहेतीस पॉइंट आठवर रेंगाळले.
"चौतीस," काका म्हणाले.
चष्मा त्यांचा घरी होता.

मग तीन मिनिटं. कॉम्प्रेसर एकदम उठत नाही,
आधीचा दम जिरू द्यावा लागतो त्याला.
बंद पडलं का, पोरग्यानं विचारलं.
थांबा, म्हटलं.
बाहेर बुऱ्हाणपूरचा ट्रक उभा होता,
ताडपत्रीवर क्लीनर तोंड उघडं टाकून झोपलेला.
कोणीतरी बादलीत पाणी ओतत होतं, सावकाश.

टक्.
खोली थरथरली, पंख्यानं पहिला वारा सोडला,
आणि तेव्हा लक्षात आलं,
मणी अजून काकांच्या मुठीतच आहे.
केळ्यांसाठी नाही,
मशीन त्या हातासाठी सुरू झालंय.

मी घाई केली नाही.
त्यांच्या चेहऱ्यावर गार झुळूक येऊ दिली,
मग बोटं सोडवली, शेवटी अंगठा,
आणि वायर घेऊन घडांच्या मधात शिरले.