अकरा नावं

लेओमिन्स्टर असं लिहायचं
आणि लेम्स्टर असं म्हणायचं.
मधली अक्षरं गिळायची, हे मला
पोस्टातल्या बाईनं शिकवलं, सहा महिन्यांनी.

म्हणून ग्लेनिस बेडोजच्या दुकानाला
अकरा डोमेन.
खुर्च्यांना वेत विणून देते ती. सत्तरी उलटली,
बोटांवर वेताचे चरे.
मी तिचे हिशेब बघते
आणि दर मार्चला विचारते, अकरा कशाला गं?

तर एक, जसं लिहितात तसं.
एक, जसं ऐकू येतं तसं.
एकात आडवी रेघ, एकात नाही.
एक डॉट कॉम, कारण ओहायोतली भाची
पुढचं यूके टाइप करायला कायम विसरते.
एक नुसतंच ‘मोडकी खुर्ची’,
कारण माणसाला दुकानाचं नाव आठवत नाही,
काय मोडलंय ते आठवतं.

चुकून आलात तरी आलात, ती म्हणते,
आणि किटली ठेवते.

अकरावं : बेडोज अँड हॉस्किन्स.
हॉस्किन्सबाई सोळा वर्षांपूर्वी
अर्धी हत्यारं उचलून लडलोला निघून गेली.
कशावरून बिनसलं, गावात कुणी सांगत नाही.
गेल्या वर्षी त्या नावावरून आले
तीन जण. फक्त तीन.
मी म्हटलं, हे सोडून देऊ, बारा पौंड वाचतील.
ग्लेनिसनं ओला वेत दातांत धरला,
ओढला, घट्ट केला.
‘तिघं आले ना?’

रात्री बसमधे काचेवर वाफ होती.
बोटानं लिहिलं : वृंदा चिंदरकर.
ताटातल्या तांदळांवर अंगठीनं
मला मृदुला केलं, त्याला एकोणतीस वर्षं झाली.
वेंगुर्ल्याच्या शाळेतलं कुणी, समजा,
त्या जुन्या नावानं निघालंच मला शोधायला,
तर पुढे रस्ता नाही.
कोरं पान, आणि खाली दिलगिरी.

घरी येऊन अकरांचे पैसे भरले.
मग माझ्या कार्डावर, नऊ पौंडांत, अजून एक.
स्पेलिंग तीनदा तपासलं,
तरी डीच्या पुढचा एच टाकायचा की नाही
यात पाच मिनिटं गेली.

शेवटी तो चौकोन आला :
हे नाव कुठे वळवायचं?

चहा निवला.
चौकोन अजून रिकामाच आहे.