पान एकशे बारा

डोंगरवार सर ऐन मे महिन्यात यायचे.
लॉ कॉलेज चौकात कुत्रंही नसायचं तेव्हा.
कानापर्यंत ओला दुपट्टा
अन् पिशवीत तीच कादंबरी.
"सात काढजो. अन् पानं नीट लावजो बे,
मागच्या वेळी चौसष्ट उलटं लागलं होतं."

'उलटी वीण'. लेखिका सुगंधा हेडाऊ, राहणार गोळीबार चौक.
एकच आवृत्ती, पाचशे प्रती,
त्यातल्या चारशे छापखान्याच्या माळ्यावर
उंदरांनी वाचल्या.
हे सरांचं वाक्य. प्रत्येक व्याख्यानात यायचं,
आणि कोणी हसलं नाही
तर सर थोडे थांबायचे.

पाकिटांवर पत्ते मीच चिकटवायचो.
पुण्याचे तिघे, मुंबईच्या दोघी, सोलापूर,
एक दरवर्षी नवीन कोणीतरी.
उत्तर एकदाच आलं, पोस्टकार्डावर:
प्रत मिळाली, पानं फिकट आहेत.
सरांनी मला ते वाचून दाखवलं,
'मिळाली'वर जोर देऊन.

एकशे बारावं पान त्यांच्या प्रतीत नव्हतंच.
तिथे सरांच्या हातचा कागद, निळी शाई.
"पाठ आहे मला," म्हणाले.
त्या पानावर बाई रात्री मागावरून उठते,
नवऱ्याचा डबा घासते,
आणि दिवा विझवण्याआधी
एकदा धोट्याला हात लावते.
मी कादंबऱ्या वाचत नाही.
पण मशीनच्या हिरव्या उजेडात
तो हात मी किती वर्षं पाहिला.

सर मार्चात गेले. पेपरात चार ओळी,
त्यात डोंगरवारचं डोंगरे झालेलं.

परवा इतवारीत रद्दीच्या काट्यावर
पाककृतींच्या मासिकांखाली ती सापडली. अख्खी.
वीस मागितले, मी पंधरा दिले.
लाज वाटते आता.
उभ्याउभ्याच एकशे बारा काढलं.

बाई उठते. डबा घासते.
दिवा विझवते.
पुढे एकशे तेरा.

दुकानात येऊन कूलर लावला,
वाळ्यावर पाणी मारलं, उगाच दोनदा.
कोणाचं पान खरं, हे विचारायला
आता गोळीबार चौकातही कोणी नाही,
आणि मशीन तापायला दोनच मिनिटं घेतं.

सात काढल्या.
एकशे बारा दोनदा येतं:
आधी बाईंचं, मग सरांचं.
निळी शाई झेरॉक्सात काळीच होते.
कोणी फोन केलाच,
पानं चुकली म्हणून,
तर सांगीन, नाही जी,
नीट लावली आहेत.