उधारीची वही

मोती चौकात आमचं कंदी पेढ्याचं दुकान आहे.
साताऱ्यात कुणाकडे पाळणा हलला
की मला आधी कळतं, कधीकधी आजीच्याही आधी.
बाप धावत येतो, दोन पायांत दोन तऱ्हेच्या चपला,
म्हणतो, तीन किलो, पाव-पावचे खोके करा.
मी खोके करते. दोऱ्याला गाठ मारते.
काट्यावर एखादा पेढा जास्त पडतो, तो काढत नाही.
नऊ वर्षं झाली.

आत भट्टीपाशी हणमंत खवा भाजतो.
त्याला बोलायची सवय नाही.
तिसऱ्या खेपेला पुण्याहून फोन आला, नाही म्हणून,
त्या दुपारी त्याच्या हातून खवा करपला.
दुकानाच्या जन्मात पहिल्यांदा, सासरे म्हणाले
आणि जन्म या शब्दापाशी अडखळले.
रात्री आम्ही दोघांनी ती कढई घासली,
दोन बाजूंनी,
एकमेकांकडे न बघता.

वहीचं सुचलं ते त्यानंतर.
लाल कापडाची, लांबट, उधारीची;
मागची पानं कोरी होती.
तारीख, नाव, तपशील, रक्कम.

बारा फेब्रुवारी. कुसुममावशी.
"आता गोड बातमी कधी?" पेढा तोंडात असताना.
रक्कम: एक रात्र.

तीन मार्च. धाकट्या जावेचं डोहाळजेवण.
ओटी भरायला पाचजणी उठवल्या, मला सोडून.
रक्कम: चार दिवस,
शिवाय ती मोरपंखी साडी, जी पुन्हा नेसवली नाही.

तीन मार्च, रात्री. मी.
आरशापुढे. "तुझ्यातच काहीतरी."
रक्कम: मांडली नाही.

दिवाळीत बेरजेला बसले.
वाटलं होतं मावशी निघेल, नाहीतर जाऊ.
सगळ्यात मोठी उधारी माझ्याच नावावर होती.
पानामागून पान, माझंच अक्षर,
माझेच टोमणे मला.
असल्या गिऱ्हाइकाला दुकानदार काय करतो?
हाकलून तर देता येत नाही.
म्हटलं, नवीन उधारी बंद. एवढंच.

पहाटे अजिंक्यताऱ्यावर जाते.
डॉक्टरांनी वजनासाठी सांगितलं होतं,
ते कारण मी वाटेत कुठंतरी टाकून दिलं.
वर मंगळाईपाशी बसते.
पूर्वी नवस बोलायचे, आता काही मागत नाही.
तिलाही सकाळी सकाळी बरं वाटत असेल.

बारशाला जायचं की नुसता खोका पाठवायचा
हे मी ठरवते, त्या त्या दिवशी.
आणि एक वाक्य पाठ केलं, डब्यांसमोर उभी राहून:
मला आज त्यावर बोलायचं नाही.
मावशीला पहिल्यांदा म्हटलं
तेव्हा तिचा घास मधेच थांबला.
मग अर्धा किलो घेऊन गेली. रोखीनं.

जमतंच असं नाही.
परवा काउंटरवर एका बाळाची टोपी राहिली, लोकरीची.
दुपारभर मी ती गल्ल्यात ठेवली, नोटांवर.
संध्याकाळी बाप शोधत आला.
कुठली टोपी, असं मी त्याला विचारलं.
मग दिली.

काल वही उघडली तर शेवटी दुसरं अक्षर,
ठसठशीत, शाळेतल्यासारखं.
नाव: हणमंत.
तपशील: खवा करपला तो दिवस.
रकमेच्या रकान्यात काही नाही,
नुसतं तुपकट बोट उमटलेलं.

तुपाचा डाग पुसून जात नाही, पसरतो.
मागच्या पानावरही तो उतरला होता,
माझ्या तीन मार्चवर.
मी तिथंच खाली लिहिलं,
दोघांच्या नावे.